मोह गळतो तेव्हा अस्वल का भेटतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, उमरखेड, महागाव या पट्ट्यातल्या जंगलकाठच्या गावांना एक कोडं चांगलं ओळखीचं आहे. पावसाळ्यात अस्वलाशी गाठ पडते, ते समजण्यासारखं आहे. झाडोरा माजलेला असतो, दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि वळणावर माणूस आणि अस्वल एकमेकांवर आदळतात. पण मार्च-एप्रिलमध्ये हेच जंगल बोडकं होतं. सागाची पानं झडून गेलेली असतात, गवत वाळून आडवं झालेलं असतं, टेकडीच्या या बाजूनं त्या बाजूचं दिसतं. पायाखाली पाचोळा इतका वाजतो, की ससा चालला तरी कळावं. असं असताना, काहीही लपणार नाही अशा जंगलात, काळ्या कुळकुळीत रंगाचा ऐंशी-शंभर किलोंचा प्राणी माणसाला दिसत कसा नाही? आणि त्या प्राण्याला माणसाची चाहूल आधीच कशी लागत नाही?

बहुतेकांचं ठरलेलं उत्तर असं, की अस्वल तापट आहे, डोक्यानं फिरलेलं आहे, त्याचा नेम नाही. त्याला जोडूनच दुसरं वाक्य येतं : पूर्वी शिकारीचे परवाने होते तेव्हा वचक होता, अमेरिकेत आजही वसंतात अस्वलाची शिकार होते, मग आपल्याकडेच का नको? या दोन वाक्यांत जितकं तथ्य आहे तितकं घेऊ. पण वसंतातली ही गाठ अस्वलाच्या स्वभावापेक्षा वेळेमुळे पडते, असं मला पुराव्यावरून दिसतं. आणि वेळेचा घोटाळा बंदुकीनं सुटत नाही.

एक झाड, एक वेळ, दोन गिऱ्हाइकं

सुरुवात मोहापासून करावी लागते. मोहाचं झाड फेब्रुवारीच्या सुमाराला पानं टाकायला लागतं आणि मार्च-एप्रिलमध्ये उघड्या फांद्यांवर फुलांचे घोस धरतं. ही फुलं रात्री उमलतात, कारण त्यांचं मुख्य गिऱ्हाईक रात्री उडणारं वटवाघूळ. ते गोडीसाठी येतं आणि जाताना परागकण दुसऱ्या फुलावर नेतं. काम झालं की फुलाचा मांसल, पिवळसर पेला देठापासून सुटतो आणि पहाटेपासून टपटप खाली पडायला लागतो. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक वजन साखरेचंच भरतं. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, बाकीचं जंगल सुकत असताना, हे झाड रोज पहाटे जमिनीवर साखर अंथरतं. झाडावर चढायचं नाही, सोलायचं नाही, शिजवायचं नाही, फक्त वाकून उचलायचं.

अशा ठिकाणी कोण येणार नाही? हरणं येतात, ढोरं येतात, माणसं येतात आणि अस्वल येतं. आंध, गोंड, कोलाम कुटुंबांसाठी आणि जंगलकाठच्या कितीतरी शेतमजुरांसाठी मोहफूल म्हणजे शेतात काम नसतानाच्या दिवसांतली रोकड. टोपलं घेऊन पहाटे अंधारात निघायचं, ऊन तापायच्या आत घरी यायचं, फुलं अंगणात वाळत घालायची. अस्वलाचा दिवसही नेमका असाच आखलेला आहे. काळी, दाट, लांब केसांची कातडी घेऊन चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात हिंडता येत नाही. म्हणून ते संध्याकाळी कपारीतून निघतं, रात्रभर चरतं आणि ऊन चढायच्या आत परत जातं. फिरतीतला शेवटचा थांबा मोहाखाली, कारण ताजं फूल पहाटेच मिळतं. जंगल कितीही बोडकं असलं तरी अंधारात काळं अस्वल दिसत नाही. कोड्याचा पहिला अर्धा भाग इथे सुटतो.

हीच जोडी मे महिन्यात पुन्हा जमते, फक्त झाड बदलतं. तेंदूच्या झुडपांची कोवळी पानं विडीसाठी तोडायला माणसं जातात, तर त्याच झाडाची पिकलेली टेंभरं खायला अस्वल.

फुंकणी आणि मिक्सर

उरलेला अर्धा भाग अस्वलाच्या तोंडात आहे. आपल्याकडचं अस्वल जगातल्या इतर अस्वलांपेक्षा वेगळं आहे. हिमालयातलं किंवा अमेरिकेतलं अस्वल जे मिळेल ते खातं. आपलं अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या आणि फळं यांवर जगतं, आणि त्याचं सगळं शरीर वाळवीसाठी घडलेलं आहे. पुढच्या पायांची नखं सहा ते आठ सेंटिमीटर लांब, किंचित वाकडी, कुदळीच्या पात्यासारखी. वरच्या जबड्यातले मधले दोन दात मुळातच नाहीत, त्यामुळे समोर एक खिडकी तयार झाली आहे. टाळू खोलगट, ओठ लांब आणि हवे तसे पुढे काढता येणारे, आणि नाकपुड्या मनाला येईल तेव्हा बंद करता येतात.

चुलीपुढची फुंकणी आठवा. अस्वल वारूळ फोडतं आणि आधी जोरात फुंकर मारून माती उडवून देतं. मग नाकपुड्या मिटतं, ओठांची नळी करतं आणि दातांच्या खिडकीतून वाळवी सुर्रकन आत ओढतं. फुंकणी एकच, एकदा बाहेर, एकदा आत. या फुंकण्या-ओढण्याचा आवाज शंभर मीटरांवरूनही ऐकू येतो. युरोपात हा प्राणी पहिल्यांदा माहीत झाला तेव्हा तिथल्या पंडितांची मजेदार फसगत झाली. लांब नखं आणि नसलेले दात बघून जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानं १७९१मध्ये त्याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लोंबकळणाऱ्या, आळशी ‘स्लॉथ’ प्राण्याच्या कुळात टाकलं. पुढे चूक कळली, नाव मात्र चिकटून राहिलं. इंग्रजीत आपलं अस्वल आजही आळशीच. त्याला पळताना पाहिलेला माणूस असं नाव ठेवणार नाही.

आता घरात मिक्सर चालू असताना दारात कोणी येऊन उभं राहिलं तर कळतं का? स्वयंपाकघरातल्या माणसाला पाहुणा एकदम मागे उभा दिसतो आणि तो दचकतो. अस्वलाचं तसंच होतं. त्याचं नाक अतिशय तीक्ष्ण, पण ते नाक या क्षणी वाळवीत किंवा फुलांच्या उग्र गोड वासात खुपसलेलं. नजर लांबवर पोहोचणारी नाही. कानांत स्वतःच्याच श्वासाचा गोंगाट. पाचोळा वाजला तरी त्याला तो उशिरा ऐकू येतो. मान वर करतं तेव्हा माणूस दहा-पंधरा पावलांवर असतो. माणसाला तर अंधारात ते दिसलेलंच नसतं.

पळून का जात नाही?

दचकलेलं हरीण पळतं, दचकलेला रानडुक्कर बहुतेक वेळा पळतो. अस्वल का अंगावर येतं? उत्तर वाघात आहे. लाखो वर्षं हा प्राणी वाघ-बिबट्यांच्या शेजारी राहिला. हरणासारखी गती त्याच्याकडे नाही. त्याची नखं खोदायची आहेत, आणि चढता येत असलं तरी उघड्या माळावर वारूळ फोडताना जवळ झाड असेलच असं नाही, शिवाय बिबट्या झाडावरही येतो. अशा प्राण्याला उरतो तो एकच बचाव : शत्रूनं झेप घेण्याआधी आपणच आरडाओरडा करत त्याच्यावर तुटून पडायचं. वाघालाही जखम परवडत नाही, त्यामुळे बऱ्याचदा तोच माघार घेतो. पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती तुटून पडणारी अस्वलं. पहाटेच्या अंधारात पंधरा पावलांवर अचानक उभी राहिलेली आकृती वाघाची की वेचणाऱ्या बाईची, याचा विचार करायला त्याला वेळ नसतो. ते मागच्या पायांवर उभं राहतं, पुढच्या पायांनी फटके मारतं, आणि त्या उंचीवर आपलं डोकं आणि चेहरा येतो. म्हणून अस्वलाच्या जखमा इतक्या भयानक असतात. ते खाण्यासाठी मारत नाही. माणूस पडला, निपचित झाला, की बहुधा निघून जातं.

त्यात वसंताची भर पडते. आपल्याकडे अस्वलाची पिल्लं प्रामुख्यानं हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या आसपास, कपारीत किंवा बिळात जन्मतात, बहुधा दोन. दोन-तीन महिन्यांची झाली की मादी त्यांना बाहेर काढते. हिशेब करा : बरोबर मोहाचा हंगाम. आणि बाहेर काढते ती पाठीवर बसवून. पुढे कितीतरी महिने पिल्लं आईच्या लांब केसांना धरून पाठीवरच फिरतात. जगातल्या आठ जातींच्या अस्वलांत ही रीत एवढ्याच जातीची, आणि तिचंही कारण वाघच. म्हणजे मार्चच्या पहाटे मोहाखाली भेटणारं अस्वल पाठीवर पिल्लं घेतलेली मादी असण्याची शक्यता बरीच असते.

अमेरिकेत चालतं, इथे का नाही?

आता शिकारीकडे येऊ. अमेरिकेत आयडाहो, मोंटाना, अलास्का अशा राज्यांत आणि कॅनडाच्या काही प्रांतांत वसंतात सरकारी जंगलात काळ्या अस्वलाची (तिकडच्या ‘ब्लॅक बेअर’ या जातीची) शिकार कायदेशीर आहे. परवाना काढायचा, ठरलेल्या हंगामात जायचं, बर्फ वितळून हिरवळ फुटलेल्या उतारांवर दुर्बीण लावून बसायचं. ही निव्वळ रानटी हौस आहे असं म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण बरोबर नाही. तिच्यामागे एक जीवशास्त्रीय हिशेब आहे. काळं अस्वल हिवाळाभर गुहेत झोपतं. वसंतात आधी नर बाहेर येतात. नव्या पिल्लांच्या माद्या सर्वांत शेवटी. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला समोर येणारं अस्वल बहुधा नर असतं, आणि पिल्लं सोबत असलेल्या मादीला मारायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे. उत्तर अमेरिकेत काळ्या अस्वलांची संख्या आठ-नऊ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. परवान्यांचा पैसा आणि १९३७च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो.

हा हिशेब पुसदच्या जंगलात मांडून पाहा. आपलं अस्वल हिवाळ्यात झोपत नाही. त्यामुळे ‘आधी नर, मग मादी’ हा क्रमच इथे नाही. वसंतात उलट लेकुरवाळ्या माद्याच हिंडत असतात. आपल्या जातीची संख्या भारत, नेपाळ, श्रीलंका सगळं धरून वीस हजारांच्या आत असावी, असा जागतिक तज्ज्ञांचा अंदाज. मादी दोन-तीन वर्षांतून एकदा विते, कारण पिल्लं तितका काळ तिच्याजवळ राहतात. एक मादी मारली की पाठीवरची दोनही गेली. अमेरिकेतही या शिकारीवर एकमत नाही, हेही लक्षात ठेवावं : कोलोरॅडोच्या मतदारांनी १९९२मध्ये वसंतातली शिकार आणि आमिष लावणं बंद केलं, आणि वॉशिंग्टन राज्यानं २०२२मध्ये वसंतातली हौशी शिकार थांबवली.

आपल्याकडे हे सगळं होऊन गेलेलं आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या काळात सरकारी जंगलांचे शिकारीसाठी भाग पाडलेले असत आणि फी भरून परवाना मिळे. देश स्वतंत्र झाल्यावरही परवाने चालू राहिले. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्रिपदी पुसदचेच वसंतराव नाईक होते. त्या कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. ती १९९१च्या दुरुस्तीनं गेली. आज अस्वल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. आणि ‘शिकार’ या शब्दाची कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे : फासा लावणं, हाकारा करणं, आमिष टाकणं हेही त्यात येतं. अमेरिकेत काही ठिकाणी आमिषाची जी रीत परवान्यात बसते, ती इथे तेवढ्यानंच गुन्हा ठरते.

पण माणसं मरतात, त्याचं काय?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. छत्तीसगढ वेगळं होण्याआधीच्या मध्य प्रदेशात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत अस्वलांनी ६८७ माणसांना जखमी केलं आणि ४८ जणांचा जीव घेतला. उत्तर बिलासपूर या एकाच वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात १३७ हल्ले झाले, ११ माणसं गेली. त्यासमोर अमेरिका-कॅनडाचा आकडा ठेवा : काळ्या अस्वलांनी १९०० ते २००९ या एकशे दहा वर्षांत ६३ माणसं मारली. तिकडे अस्वलं चाळीस-पन्नास पट जास्त, बळी कितीतरी कमी. यावरून कोणी म्हणेल, बघा, शिकारीमुळेच तिकडे वचक आहे.

हा निष्कर्ष घाईचा आहे. तिकडचं काळं अस्वल दाट झाडीत वाढलेलं, धोका दिसला की सरसर झाडावर चढणारं. पळ काढणं हाच त्याचा बचाव. आपल्या अस्वलाचा बचाव उलटा आहे. शिवाय तिकडे भल्या पहाटे अंधारात, पोटासाठी, वाकून, एकाच झाडाखाली हजारो माणसं अस्वलाच्या खाण्यावर जात नाहीत. वचक बसण्यासाठी ज्याला धडा मिळाला ते अस्वल जिवंत राहावं लागतं. गोळी लागलेलं अस्वल पुढच्या पिल्लांना काही शिकवत नाही. आणि मारायचं तरी कोणतं? नरभक्षक वाघ ओळखून टिपता येतो, कारण तो पुन्हा पुन्हा त्याच हेतूनं येतो. मोहाखाली दचकलेलं अस्वल दुसऱ्या दिवशी साधं अस्वल असतं. ते काढून टाकलं तरी झाड तिथेच राहतं, फूल गळतच राहतं, आणि पुढच्या हंगामात शेजारच्या टेकडीवरचं अस्वल त्याच झाडाखाली येतं.

खरोखर धोकादायक ठरलेल्या प्राण्यासाठी कायद्यात वाट ठेवलेली आहे. माणसाच्या जिवाला धोका झालेलं अस्वल पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारण देऊन त्याला मारायची परवानगी देऊ शकतात. आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, प्रामाणिक हेतूनं एखाद्यानं प्राणी मारला किंवा जखमी केला, तर तो गुन्हा नाही. हे अनेक गावांत माहीत नसतं, आणि त्या अज्ञानामुळे लोक हल्लाच लपवतात. असा मेलेला प्राणी मात्र सरकारी मालमत्ता असतो. त्याची नखं, केस, पित्ताशय यांना हात लावला की बचाव संपला आणि चोरटी शिकार सुरू झाली. अस्वलाच्या केसाच्या ताईतावर दरवेश्यांनी कितीतरी वर्षं पोट भरलं. नाचणाऱ्या अस्वलांचा खेळ २००९च्या सुमाराला देशातून संपला, ताईत मात्र बाजारातून गेलेला नाही.

चौकट : मोहाला जाताना
• उजाडल्यावर निघा. अंधारात जावंच लागलं तर चार-पाच जणांनी बोलत, काठी आपटत जा. अस्वलाला लांबूनच चाहूल लागू द्या.
• सुर्रसुर्र, फुस्सफुस्स आवाज आला तर थांबा आणि आल्या वाटेनं मागे फिरा.
• झाडाखाली जाळं अंथरलं तर फूल स्वच्छ राहतं, पाचोळा पेटवावा लागत नाही आणि वणवाही टळतो.
• पिल्लू एकटं दिसलं तरी उचलू नका. आई जवळच असते.
• अस्वल अंगावर आलंच तर पालथं पडा, मान आणि चेहरा हातांनी झाका.
• जखम झाली तर लगेच दवाखाना आणि वनविभाग, दोन्हीकडे कळवा. सरकारी मदतीच्या यादीत अस्वलाचा हल्ला आहे.

नळावरची रांग

‘मग माणसांनाच जंगलात जायला बंदी करा’ असं शहरात बसून सुचवणारेही आहेत. तेही चालणार नाही. गौण वनोपज गोळा करणं हा २००६च्या वनहक्क कायद्यानं मान्य केलेला हक्क आहे, आणि मोहफूल सोडायचं तर त्या घरात मार्च-एप्रिलची रोकड कुठून येणार, हे सुचवणाऱ्यानं सांगायला हवं. दोघांचाही हक्क धरूनच वाट काढावी लागते, आणि ती वाट एका साध्या प्रश्नात दडलेली आहे : माणूस पहाटे चारलाच का जातो?

फूल उजाडल्यावरही असतंच, आणि ऊन चढेपर्यंत गळतही असतं. मग अंधारातच का? कारण झाड सरकारी जमिनीवर आहे, वनात किंवा ई-क्लासच्या गायरानात. म्हणजे ते सगळ्यांचं आहे, आणि जे सगळ्यांचं ते आधी येईल त्याचं. गावच्या सार्वजनिक नळावर उन्हाळ्यात हेच होतं. पाणी सहाला येत असलं तरी कोणी चारला घागर ठेवतं, मग दुसरं साडेतीनला, मग तिसरं रात्रीच. पाणी तितकंच असतं, फक्त सगळ्यांची झोप जाते. मोहाखाली झोपेसोबत चेहराही जातो. ही घाई झाडानं लावलेली नाही, अस्वलानं तर नाहीच. ती कोणाचं झाड कोणतं हे न ठरल्यामुळे लागलेली आहे. कोणत्या घरानं कोणत्या मोहाखाली वेचायचं हे ठरलं, की आपल्या झाडाचं फूल दुसरा नेईल ही धास्ती उरत नाही. मग सातला गेलं तरी चालतं. अस्वल तोवर बहुधा कपारीत परतलेलं असतं.

यावर म्हणता येईल, की उशिरा गेलं तर निम्मं फूल अस्वल आणि ढोरंच खाऊन जातील. थोडं जाईल, खरं आहे. पण एक अस्वल एका झाडाखाली सगळं साफ करत नाही. ते या झाडावरून त्या झाडाकडे फिरत राहतं. जाळं थोडं वर ताणून बांधलं तर ढोरांचा वाटाही कमी होतो. शिवाय दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्या टोपलीभर फुलांशी तोलून पाहावी.

पैनगंगा अभयारण्याच्या कडेनं आणि पुसद वनविभागाच्या जंगलकाठी ज्या गावांनी सामूहिक वनहक्क मिळवले आहेत, त्यांच्या ग्रामसभांना झाडांची अशी वाटणी करायला वेगळ्या परवानगीची वाट पाहायचं कारण नाही. बाकीच्या गावांनी संयुक्त वन व्यवस्थापन समितीत हा विषय घ्यावा. होळीच्या आधी एक बैठक, मोहांची एक यादी, झाडासमोर घराचं नाव, आणि खाली एक ओळ : सूर्य उगवल्याशिवाय कोणी झाडाखाली जायचं नाही. यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत एवढं करा.